अमेरिकेचा कुठला एक कायदा आपल्या लोकांना माहीत हवा? माझं उत्तर: १९६५ चा

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या इतिहासातला एकच कायदा नीट समजून घ्यायचा तर कुठला. गुलामगिरी बंद करणारी १३ वी घटनादुरुस्ती कुणीही सांगेल आणि ते बरोबरच आहे, पण मराठी माणूस विचारतोय म्हणून मी १९६५ चा इमिग्रेशन कायदा सांगेन, हार्ट-सेलर अ‍ॅक्ट. इथे अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जुनी मंडळी म्हणतात की आम्ही शिक्षणाच्या जोरावर आलो. शिक्षण होतंच हो, पण आधी दार उघडावं लागलं ना.

आधी काय होतं बघा. १७९० च्या कायद्याने फक्त गोऱ्या माणसाला नागरिकत्व मिळायचं, १८७० ला त्यात आफ्रिकन वंशाचे लोक आले, आपण नाहीच. १९१७ ला तर आशियाचा मोठा पट्टाच बंद केला, त्यात भारतही आला.

मग भगतसिंग थिंड यांची केस. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, तरी नागरिकत्वासाठी भांडावं लागलं. कोर्टात मुद्दा काय मांडला, तर मी उच्चवर्णीय हिंदू, म्हणजे आर्य, म्हणजे कॉकेशियन (गोऱ्यांच्या वंशाला तेव्हाचं शास्त्र देत असलेलं नाव), म्हणून गोरा. १९२३ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणेल तोच गोरा. आणि याच कोर्टाने जेमतेम तीन महिने आधी ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितलं होतं की कातडी गोरी असून उपयोग नाही, कॉकेशियन पाहिजे! मला मात्र जास्त त्रास होतो तो जातीचा आधार घेऊन वर्णभेदातून वाट काढण्याचा, तो मुद्दा मला आजही वाचवत नाही.

त्यानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालेलं तेही सरकार काढून घ्यायला लागलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, त्यांचं स्वतःचं १९१४ चं नागरिकत्व रद्द करायला सरकार कोर्टात गेलं. ते म्हणाले, तुमच्याच कोर्टाने दिलेल्या कागदावर विसंबून मी वकिली सुरू केली, जमीन घेतली, लग्न केलं, आता मागे कसं फिरता? अपील कोर्टाने १९२६ ला त्यांच्या बाजूने निकाल दिला की एकदा निकाल लागलेला विषय असा पुन्हा उकरता येणार नाही. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला आणि मग सरकारने बाकीच्यांच्या मागे लागणंही सोडलं. हे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी नव्या कायद्यावर सही केली आणि भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण भारतातून येऊन स्थायिक होण्याचा कोटा किती? वर्षाला १००. अख्ख्या देशाला.

३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी लिबर्टीच्या पुतळ्यापाशी हार्ट-सेलरवर सही केली आणि १९२४ पासूनची देशवार कोट्याची पद्धत गेली, नातेवाईक आणि कौशल्य बघून व्हिसा द्यायचं ठरलं. भाषणात ते म्हणाले की हे काही क्रांतिकारी बिल नाही, पण डॉक्टर इंजिनियर यायला लागले, मंडळं उभी राहिली, १९८१ ला त्या सगळ्यांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. आणि हे आपोआप नाही झालं, १९६४ चा सिव्हिल राइट्स (नागरी हक्क) कायदा आणि १९६५ च्या ऑगस्टमधला मतदान हक्काचा कायदा काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन मिळवला होता, त्यानंतर वंश बघून माणसं आत घेणारा कोटा टिकवणं अवघड झालं. आपण त्यांच्या लढ्याच्या जिवावर आलोय, हे घरात मुलांना सांगा.

एक खोच मात्र त्याच कायद्यात होती. आशिया-युरोपकडच्या कुठल्याही एका देशाला वर्षाला जास्तीत जास्त २०,००० व्हिसा, देश लहान असो की भारताएवढा. १९९० नंतर तीच मर्यादा एकूण व्हिसांच्या ७ टक्क्यांची झाली, आज ग्रीन कार्डसाठी आपली पोरं वर्षानुवर्षं थांबलीत ती त्यामुळे, आणि त्यात पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात.