केटरहॅम सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारचं किट घरी जोडतोय. आधी इंजिन बसवू की गिअरबॉक्स?
दोन्ही एकत्रच. बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट बाहेर जमिनीवरच आवळा आणि अख्खा जोड क्रेनने वरून, गिअरबॉक्सची शेपटी खाली तिरपी ठेवून आत सोडा. गिअरबॉक्स बसतो तो चॅसीच्या मधला बोगदा इतका चिंचोळा असतो की गिअरबॉक्स आत गेल्यावर वरच्या बोल्टांना पाना घालणं फार कठीण. क्रेनला लोड लेव्हलर (लटकत्या वजनाचा कोन बदलणारा दांडा) हवाच. नुसत्या साखळीवर कोन बदलता येत नाही आणि चॅसीचा रंग खरवडतो. गिअरबॉक्समध्ये तेल आधीच भरलं असेल तर शेपटीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांधा, नाहीतर तिरपं होताच तेल फरशीवर. प्रॉपशाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) दाते जुळवायला दुसरा माणूस लागतोच. मागे इंजिन असलेल्या किटला मात्र ही रीत लागू नाही.