वेल्फेअरची यादी घटली म्हणजे गरिबी घटली का? (अमेरिकेचा १९९६चा कायदा)

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेने १९९६ साली वेल्फेअरला, म्हणजे गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी रोख मदतीला, कामाची अट घातली आणि लाभार्थी निम्म्याहून कमी झाले, मग अशा सुधारणेने गरिबी हटते हे सिद्धच झालं ना? लाभार्थी घटले हे अगदी खरं. गरिबीही काही वर्षं उतरली. पण एकामुळे दुसरं झालं, असं मात्र आकडे बघून म्हणता येत नाही.

आधी कायदा. १९३५ पासूनच्या एएफडीसी योजनेत पात्र कुटुंबाला रोख मदत हक्काने मिळायची. अर्ज वाढले की केंद्राचा खर्चही वाढायचा. २२ ऑगस्ट १९९६ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि एएफडीसीच्या जागी टॅन्फ ही रोख मदतीची नवी योजना आली. राज्यांना मिळून वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलरचं ठोक अनुदान, तेही महागाईशी न जोडलेलं. केंद्राच्या पैशातून एका प्रौढाला आयुष्यभरात ६० महिने मदत. एकट्या पालकाने आठवड्याला ३० तास काम करायचं, मूल सहा वर्षांखालचं असेल तर २० तास.  

खरी मेख पुढे आहे. राज्याने निम्म्या कुटुंबांकडून ही कामाची अट पाळून घ्यायची होती. पण यादी जितक्या टक्क्यांनी घटेल, तितके टक्के या ५० मधून वजा होत. म्हणजे कुणाला नोकरी लावली काय किंवा अर्जदाराला दारातूनच परत पाठवलं काय, राज्याच्या हिशेबात दोन्ही सारखंच. त्यात परत पाठवणं स्वस्त. अर्ज मंजूर होण्याआधीच काही आठवडे नोकरी शोधल्याचा पुरावा मागणं, एक भेट चुकली की मदत थांबवणं, हे मग अनेक राज्यांत रुळलं.

आता आकडे. १९९४ मध्ये सुमारे ५० लाख कुटुंबं यादीत होती, २००० पर्यंत ती साधारण २२ लाखांवर आली. घसरण कायद्याच्या दोन वर्षं आधीच सुरू झाली होती, हे लोक विसरतात. मुलांमधली गरिबी १९९३ मध्ये २२.७ टक्के होती, ती २००० मध्ये १६.२ झाली. याच काळात बेकारी ४ टक्क्यांवर उतरली, किमान वेतन ५.१५ डॉलर झालं आणि कमावत्या गरीब कुटुंबांना मिळणारी ईआयटीसी ही करसवलत (कर लागत नसला तरी ती रोख हातात मिळते) १९९३ च्या निर्णयाने भरघोस वाढली.

ईआयटीसीचा हिशेब मांडूनच बघा. १९९७ साली दोन मुलांची आई किमान वेतनावर आठवड्याला ३० तास काम करते. वर्षाचे झाले ८,०३४ डॉलर. त्यावर ४० टक्क्यांनी ईआयटीसी साधारण ३,२१४. एकूण ११,२४८. तिघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा तेव्हा १२,८०० च्या आसपास होती. फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची सरकारी मदत) धरले तर ती रेषेच्या जवळपास पोचते, नुसत्या पगारावर नाही. एकट्या आया मोठ्या संख्येने कामाला लागल्या त्यात कायद्याच्या धाकाचा वाटा आहेच, पण काम परवडू लागलं ते या पैशामुळे. गंमत म्हणजे अधिकृत गरिबीच्या आकड्यात ईआयटीसी आणि फूड स्टॅम्प धरतच नाहीत. तेव्हा कुठलीही टक्केवारी वाचताना ती अधिकृत मोजणीची आहे की एसपीएमची (करसवलत आणि फूड स्टॅम्पही धरणाऱ्या पूरक मोजणीची), हे आधी पाहा.

कारण वेगळं काढायचं तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले प्रयोग बघावे लागतात, आणि नशिबाने ते झाले आहेत. एमडीआरसी या संशोधन संस्थेने कामाकडे वळवणारे अकरा कार्यक्रम असे तपासले. बहुतेक ठिकाणी कमाई वाढली, पण मदत जवळपास तेवढीच कापली गेल्याने घरात येणारा एकूण पैसा होता तिथेच राहिला. मिनेसोटाने पगार सुरू झाल्यावरही मदतीचा बराच भाग चालू ठेवला, तिथे रोजगार वाढला आणि गरिबीही घटली. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा धडा हाच.

परावलंबन घटलं का, हे तपासायला १०० गरीब कुटुंबांमागे किती जणांना मदत पोचते ते बघा. मुलं असलेल्या १०० गरीब कुटुंबांपैकी १९९६ मध्ये ६८ जणांना ती मिळायची, २०२० च्या सुमारास २१ जणांना. टेक्सासात तर हा आकडा एक अंकी आहे. २००८ नंतरच्या मंदीत टॅन्फची यादी जेमतेम हलली आणि भार फूड स्टॅम्पवर गेला: २००० मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख लोक, २०१३ मध्ये ४ कोटी ७० लाखांच्या वर. गरज एका खिडकीवरून उठून दुसऱ्या खिडकीवर गेली. उरलेल्या अनुदानाचं राज्यांनी काय केलं, तेही वाचण्यासारखं आहे. मिसिसिपीत तिघांच्या कुटुंबाला महिना १७० डॉलर मिळत होते, आणि त्याच निधीतले सुमारे ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल स्टेडियमला गेले.

कामाची अट कागदावर कशी अडकते, याचा नमुना आर्कान्सामध्ये दिसला. २०१८ मध्ये मेडिकेडसाठी (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी) महिना ८० तास काम आणि त्याची नोंद सुरुवातीला फक्त ऑनलाइन. पोर्टल रात्री ९ ते सकाळी ७ बंद. काही महिन्यांत सुमारे १८,००० लोकांचा विमा गेला आणि रोजगार वाढल्याचं अभ्यासात दिसलं नाही. यातले बरेच जण आधीपासून काम करत होते किंवा सवलतीला पात्र होते. अडलं ते नोंदीपाशी.

उलट बाजूचा पुरावाही हवा. २०२१ मध्ये मुलांमागे ३,००० ते ३,६०० डॉलर, कामाची अट न घालता, वर्षभर दिले गेले. एसपीएमने मोजलेली बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली, योजना संपताच २०२२ मध्ये १२.४ झाली. वर्षभराचाच प्रयोग असल्याने कायमस्वरूपी दिल्यास लोक काम सोडतील का, याचा निकाल त्यावरून लागत नाही.

२०२५च्या कायद्याने मेडिकेडची ८० तासांची अट २०२७ पासून बहुतेक राज्यांत लागू करायचं ठरलं आहे. तिचा परिणाम मोजायचा तर यादीतून किती नावं गेली ते बाजूला ठेवून, गेलेल्यांपैकी किती जण आधीच कमावत होते आणि त्यांच्या घरातलं एकूण उत्पन्न वाढलं का, हे दोन आकडे मागा.