आदिवासी मुलांना सरकार वसतिगृह, शिष्यवृत्ती सगळं देतं, तरी ती कॉलेज अर्धवट का सोडतात?

‘सगळं देतं’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

मी सुरगाण्याची, कोकणा जमातीची. २०१८ साली नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, राहायला मुलींच्या आदिवासी वसतिगृहात. त्या एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला होता: मेस बंद, जेवणाचे पैसे थेट खात्यात, महिन्याला ३,०००-३,५०० रुपये. त्याविरुद्ध जुलैत पुण्याची मुलं नाशिककडे पायी निघाली. पोलिसांनी त्यांना सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला अडवलं.

आमची मेस बंद झाली. पहिला हप्ता आला, दुसरा दिवाळी उलटली तरी आला नाही. घरून आणलेलं नागलीचं पीठ होतं, पण खोलीत शेगडी लावायला बंदी. डबेवाल्या मावशींनी दोन महिने उधारीवर जेवू घातलं, त्यांना तरी किती दिवस परवडणार? माझी रूममेट पेठची होती. फिजिक्सची गणितं तोंडी सोडवायची, मला तीच शिकवायची. दिवाळीला घरी गेली आणि तिथून घरच्यांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या मजुरीला. फोनवर म्हणाली, पैसे आले की येते. पैसे फेब्रुवारीत आले, तिच्याही खात्यात. तोवर तिची प्रॅक्टिकलं बुडाली होती. त्या पैशांतून घरची दुकानाची उधारी फिटली. ती परत आली नाही.

माझे मामा आश्रमशाळेत शिक्षक आहेत. ते अजूनही म्हणतात, रोख हातात आली की पोरं व्यवहार शिकतात आणि मधला ठेकेदार खात नाही. मामा, अठरा वर्षांच्या मुलीच्या खात्यातला पैसा तिचा एकटीचा नसतो. घरात कुणी आजारी पडलं, बैल गेला, की पहिला हात त्यालाच लागतो. ताटातली भाकरी गावी पाठवता येत नाही.

आमच्या मेसमध्ये डाळीत अळ्या निघायच्या, हेही खरं. आणि रोख रक्कम सगळीकडे वाईटच, असंही नाही. वसतिगृहात जागाच मिळाली नाही तर स्वयं योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. माझा धाकटा भाऊ त्यावरच शिकला. फक्त खोलीचं डिपॉझिट जूनमध्ये भरावं लागतं आणि त्याचा हप्ता आला जानेवारीत.

कुणाचं मूल अकरावीत असेल तर जात पडताळणीचा अर्ज आत्ताच टाका. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा जमातीचा पुरावा शोधण्यातच महिने जातात. आणि तीन महिन्यांच्या डब्याचे पैसे बाजूला काढल्याशिवाय मुलीला शहरात धाडू नका.

हे बोलले की मामा म्हणतात, मी योजनेची बदनामी करते. त्यांच्या आश्रमशाळेत मुलांना आजही ताटात जेवण मिळतं. ते बंद करून मुलांच्या खात्यात पैसे टाका, असं मामा कधी म्हणाले नाहीत.