पुण्यात सॅलॅमँडर किंवा न्यूट पाळता येईल का? हा छंद सुरू कुठून करावा?

येईल, पण विजेचं बिल आधी डोळ्यांसमोर आणा. सॅलॅमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी; न्यूट हा त्याचाच एक प्रकार. माझ्या धाकट्या भावाने कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ॲक्सोलॉटल आणला होता. मूळचा मेक्सिकोचा, जन्मभर पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर. दुकानदार म्हणाला, "माशासारखाच आहे, काही करावं लागत नाही." त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंशांचं, २४ च्या वर गेलं की हाल सुरू. एप्रिलमध्ये टाकी ३१ वर पोचली. भाऊ बर्फाच्या बाटल्या सोडत बसायचा, त्यामुळे पाणी घटकेत गार, घटकेत कोमट. आधी त्याने खाणं सोडलं, मग कल्ल्यांचे तुरे आक्रसले, आणि मे उजाडायच्या आत गेला. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र, घेणार नसाल तर या फंदात पडू नका. ॲक्सोलॉटल घेतलाच तर दुकानदाराकडून खरेदीचं बिल मागा. हा प्राणी सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

आपल्या देशातला न्यूट दार्जिलिंगकडचा. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पाळायचा विचारही नको. पावसाळ्यात दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीला जाऊन बघा. तेव्हा तो अंडी घालायला तळ्यात उतरतो, एरवी ओलसर जागी दडी मारून असतो.

मी स्वतः आता फक्त बघतो. न्यू जर्सीत राहतो, तिथे ईस्ट ब्रन्सविकला बीकमन रोड म्हणून रस्ता आहे. थंडी सरताना पहिला उबदार पाऊस पडला की त्या रात्री तो गाड्यांना बंद करतात. का, तर ठिपकेवाले सॅलॅमँडर रस्ता ओलांडत असतात! काळं तुकतुकीत अंग, पिवळेधमक ठिपके, वीतभर लांब. वर्षभर जमिनीखाली, अंडी घालायला या दोन-चार रात्रीच बाहेर. जातात कुठे, तर जंगलातल्या उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत. डबकं आटतं म्हणून त्यात मासे नसतात, आणि मासे नाहीत म्हणून अंडी वाचतात. आई इथे आली होती तेव्हा तिलाही छत्री देऊन नेलं. टॉर्चच्या उजेडात पहिला दिसला तशी ओरडली, "अगं बाई, पाल!" पुढचा तासभर मात्र हलायला तयार नव्हती.

इतर दिवशी पडलेले ओंडके उचलून बघायचे. खाली लाल पाठीचे, बोटाएवढे सॅलॅमँडर असतात. त्यांना फुप्फुसंच नाहीत, श्वास सगळा कातडीतून. म्हणून क्रीम लावलेल्या हाताने शिवायचं नाही, आणि ओंडका होता तसाच परत ठेवायचा. पालथा टाकलात तर खालची ओल गेली.

महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत, पण त्यांचं बिनपायाचं भावंड आहे: देवगांडूळ. त्याची एक जात तर २००३ साली आंबोलीतूनच जगापुढे आली. जुलैत तिकडे गेलात तर जाणत्या माणसाबरोबर ओल्या मातीतले दगड हळूच उचलून बघा. सापाचं पिल्लू समजून लोक त्याला ठेचतात, तेवढं कुणी करत असेल तर थांबवा.