व्होल्ट्रॉन बघायला घेतलंस? मग काळ्या सिंहावर नजर ठेव

नेटफ्लिक्सने २०१६मध्ये आणलेली 'व्होल्ट्रॉन: लेजंडरी डिफेंडर' ही ॲनिमेशन मालिका बघतोयस ना? तीच, ज्यात पाच जण सिंहाच्या आकाराची पाच यानं चालवतात आणि ती जुळून व्होल्ट्रॉन नावाचा महाकाय रोबो बनतो. दुसरा सीझन संपला की थांबू नकोस, लगेच तिसरा लाव. (पुढचं कळायला नको असेल, तर इथेच वाचणं सोड.)

या चमूचा पुढारी शिरो गायब होतो आणि त्याचा काळा सिंह, म्हणजे पुढारीपण, कोणाकडे जाणार हा प्रश्न उभा राहतो. एकेक जण त्या खुर्चीत बसून बघतो. सिंह जागा होतो तो लाल सिंह चालवणाऱ्या कीथसाठी, आणि नेमकं त्यालाच ते नको असतं! त्याचा चेहरा बघ. मग निळा सिंह चालवणारा लान्स लाल सिंहात जातो, आणि राजकुमारी अलूरा निळ्यात. चिलखतं मात्र बदलत नाहीत: कीथ लालच, लान्स निळाच. माझा पहिल्यांदा पार गोंधळ उडाला होता, म्हणून रंगावरून सिंह ओळखायला जाऊ नकोस.

कीथ सुरुवातीला चुकतो, रागाच्या भरात सगळ्यांना अडचणीत आणतो. त्याला शिव्या घालू नकोस. लान्सकडे जास्त लक्ष दे. रोज कीथशी भांडणारा हा पोरगा सिंहाची निवड मुकाट मान्य करतो. मला तर खरा मोठेपणा तिथेच दिसला.

शिरो परततो तेव्हा लगेच खूश होऊ नकोस. सहाव्या सीझनपर्यंत धीर धर.