मानवी पिट्युटरी सेल लाइनवर पीएचडी : घ्यावी की नको?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी एमएससी बायोटेक्नॉलॉजी संपवतेय, मानवी पिट्युटरीच्या पेशींची सेल लाइन (म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेता येतील अशा पेशी) तयार करायचा प्रोजेक्ट तिला पीएचडीसाठी मिळतोय आणि तुम्ही विचारताय की इतकी वर्षं घालवून लाइन बनलीच नाही तर पोरीने करायचं काय. काळजी अगदी रास्त आहे, कारण हे काम खरंच अवघड आहे.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी, पण वाढ, थायरॉइड, पाळी, स्ट्रेस सगळ्याची सूत्रं तिच्याकडे. आणि तिच्यावरचं पेशींचं संशोधन अजूनही बरंचसं उंदरांच्या पेशींवर चालतं, जीएच-३ नावाची लाइन रॅटची, एटीटी-२० माऊसची, एलबीटा-टी-२ पण माऊसचीच. माणसाची एचपी-७५ नावाची लाइन १९९८ मध्ये आली होती, ट्यूमरच्या पेशींत एका व्हायरसचं जीन घालून केलेली, पण सगळे हार्मोन बनवणारे पेशींचे प्रकार एका लाइनमध्ये कुठून येणार?

अडचण कुठे येते ते सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या पिट्युटरीच्या ट्यूमरचा छोटासा तुकडा लॅबमध्ये येतो, एन्झाइम घालून पेशी सुट्या करतात, डिशमध्ये लावतात, पहिले काही दिवस सगळं छान दिसतं आणि मग त्यातल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधार देणाऱ्या जोडऊतीच्या पेशी, भराभर वाढून डिश व्यापतात, आपल्याला हव्या त्या पेशी मात्र विभाजनच करत नाहीत आणि हळूहळू हार्मोन सोडणंही कमी करतात. बाहेरचं जीन घालून विभाजन करायला लावलं तर पेशी वाढतात खऱ्या, पण आपलं मूळ कामच विसरू शकतात. तेव्हा पेशी वाढतायत एवढ्यावर खूश होऊन चालत नाही, त्या हार्मोन सोडतायत का, सिग्नल दिल्यावर कमीजास्त करतायत का, हे दर काही पॅसेजनंतर (वाढलेल्या पेशी नव्या डिशमध्ये हलवणं म्हणजे एक पॅसेज) तपासावं लागतं.

तरी माझं मत विचाराल तर घ्यावा, फक्त लाइन बनवणं हा एकच उद्देश असेल तर नको. ताज्या पेशींवर थोड्या दिवसांत औषधाची चाचणी करणं, उदाहरणार्थ प्रोलॅक्टिनोमाच्या (प्रोलॅक्टिन हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ट्यूमरच्या) पेशींवर कॅबरगोलिन या औषधाचा परिणाम बघणं, यातूनही पेपर निघतो. दुसरा रस्ता स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींचा, २०११ मध्ये जपानमधल्या ससाई यांच्या ग्रुपने माऊसच्या भ्रूण-स्टेम सेलपासून डिशमध्ये पिट्युटरीचं टिश्यू तयार केलं आणि २०१६ मध्ये मानवी पेशींतूनही ते जमलं, त्यामुळे ज्या लॅबला हे येतं तिथे लाइन बनली नाही तरी तिच्या हाती काहीतरी असेल. शिवाय प्रायमरी कल्चर (ताज्या टिश्यूतल्या पेशी वाढवणं), व्हायरल व्हेक्टर (व्हायरसमधून पेशीत जीन पोचवणं), एसटीआर प्रोफाइलिंग (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं), मायकोप्लाझ्मा टेस्ट (पेशींत या बॅक्टेरियाचा संसर्ग आहे का ते बघणं) ही कौशल्यं सेल थेरपी आणि फार्मा कंपन्यांत सरळ चालतात, तिथे पिट्युटरीच पाहिजे असं कोणी म्हणत नाही.

तिला गाइडना स्पष्ट विचारू दे की टिश्यू नेमाने मिळतं का, पेशंटची संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी झालीये का, आणि दोन वर्षांत लाइन नाही झाली तर थिसिस कशावर लिहायचा. यातल्या शेवटच्या प्रश्नाला 'होईल हो' असं उत्तर आलं तर दुसरी लॅब बघा. आणि तिथल्या सीनियर मुलामुलींशी ती गाइड समोर नसताना बोलू दे.