तिसरी गाडी

चि. भाचेराव,

परवा ओट्यावर बसून तू मोबाइलवर ते क्रिप्टोचं ॲप दाखवलास. तुझ्या नावापुढे 4 लाख 80 हजार! ताई शेजारीच भरताची वांगी भाजत होती, म्हणून मी गप्प बसलो.

तुझं म्हणणं एकच होतं, "मामा, दोन हजार काढून पाहिले, खात्यात आले." अरे, रावेरच्या माणसाला हे सांगतोस? बाहेरचा केळी व्यापारी पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजतो, भावही चढा देतो. दुसरीचे निम्मे. तिसऱ्या गाडीला चेक. बँकेत आयुष्य काढलेल्या तुझ्या मामाने तो चेक घेतला. वटला नाही, आणि त्या माणसाचा फोनही पुन्हा लागला नाही. पहिल्या गाडीचे पैसे खरे होते, तेवढ्यावरच मी फसलो.

तुझ्या पावत्या पाहिल्या. पहिली रक्कम कुठल्याशा ट्रेडर्सच्या खात्यात, दुसरी एका बाईच्या, तिसरी आणखी कुणाच्या. कॉइन एका कंपनीचं आणि पैसे तीन अनोळखी खात्यांत? बहुतेक ही भाड्याने घेतलेली खाती. (तुलाही कुणी "खातं वापरायला दे, कमिशन देतो" म्हणेल. देऊ नकोस. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.) ॲपसुद्धा तू टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून टाकलंस. त्यात बिटकॉइनचा भाव खरा दिसतो रे, पण तुझ्या नावापुढचा आकडा त्यांना हवा तो टाकता येतो.

आता पुढचं सांगून ठेवतो. सगळी रक्कम काढायला गेलास की तुझ्या टेलिग्राम ग्रुपवरचे ते "सर" म्हणतील, आधी 30 टक्के कर भरा. हे पटतं, कारण कर खरोखरच आहे: 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के आणि विक्रीवर 1 टक्का टीडीएस. पण टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापतात आणि नफ्यावरचा कर आपण आयकर खात्याकडे भरतो. ॲपवाल्याच्या हातात कर देत नाहीत. तो दिलास तर "खातं गोठलंय, डिपॉझिट भरा" हे ठरलेलंच.

इथल्या लोकांशी धंदा करणाऱ्या एक्स्चेंजला, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीला, 2023 पासून एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे) नोंदणी करावी लागते. तुझं ॲप त्यात आहे का, हे त्या "सरां"ना विचारू नकोस, स्वतः बघ. नाव सापडलं तरी अक्षर न् अक्षर जुळव, कारण नामवंत एक्स्चेंजच्या नावाची नकली ॲप्सही फिरतात. आणि नोंदणी आहे म्हणून भाव पडायचा थांबत नाही, ते वेगळंच.

पत्र वाचलंस की 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव. तारखा, रकमा, यूटीआर नंबर (पावतीवरचा व्यवहाराचा क्रमांक) समोर ठेव. पैसे अजून कुठल्या बँक खात्यात असतील तर रोखता येतात. क्रिप्टो होऊन बाहेरच्या वॉलेटमध्ये गेले की फार अवघड. ग्रुप सोडायच्या आधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढ. नंतर "पैसे सोडवून देतो, थोडी फी लागेल" असा फोन येईल. तोही त्याच टोळीतला समज.

ताईला मी काही सांगणार नाही, ते तू सांगायचंस. ठिबकसाठी ठेवलेले 60 हजार होते ना ते? दाजी चिडतील, तेव्हा मी शेजारी बसेन. शनिवारी पासबुक घेऊन ये. माझा तो चेक अजून कपाटात आहे, दाजींना आधी तो दाखवू.

तुझा मामा